टाकी भरलेली ठेवायची की रिकामी? सोसायटीतल्या भूमिगत पावसाच्या टाकीबद्दल

परळचा_पाऊस | ९ जून, रात्री ११:१०

आमची सोसायटी मुंबईत परळला, मोठ्या पावसात हमखास तुंबणाऱ्या हिंदमातापासून चालत सात-आठ मिनिटांवर. तळमजला धरून चार मजले, ३६ घरं. तळमजल्यावरच्या आजी दर जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाटाच्या पायांखाली दोन-दोन विटा लावून घेतात आणि सिलिंडर स्टुलावर चढवून ठेवतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे. रंगारी दर वेळी विचारतो, "आजी, पुसू का?" त्या नको म्हणतात.

गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की निदान आपल्या गच्चीचं पाणी तरी गल्लीत सोडायचं नाही. मे अखेरपर्यंत पार्किंगखाली आरसीसीची टाकी बांधून झाली. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, पाण्याची उंची २ मीटर, म्हणजे ६० हजार लिटर. घरामागे २६ हजार रुपये आले, तीन हप्त्यांत घेतले. गच्ची ४५० चौरस मीटरची आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाला ५० मिलिमीटर पडला तर २२,५०० लिटर होतात. उडालेलं, मुरलेलं सोडलं तरी १९ हजार हाती लागतात.

आता खरा प्रश्न. कमिटीत दोन गट पडले आहेत. एक गट म्हणतो, टाकी कायम भरलेली ठेवा आणि तेच पाणी फ्लशिंगला वापरा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ नुसते फ्लशला जातात. आम्ही १५० माणसं, म्हणजे रोज पावणेसात हजार लिटर. तानसा-भातसाहून आणलेलं, शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी आपण संडासात ओततो याचं त्यांना वाईट वाटतं, आणि मलाही वाटतं. दुसरा गट म्हणतो, टाकी बांधली ती गल्ली बुडू नये म्हणून. भरलेल्या टाकीत नवा पाऊस कुठे मावणार?

दोघांचंही बरोबर आहे, हीच अडचण आहे. ज्यांनी असं काही चालवून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

बोरिवली_पूर्व | १० जून, सकाळी ८:०५

टाकीऐवजी शोषखड्डा का नाही केला? आमच्याकडे डोंगराच्या बाजूला जुन्या विहिरीत गच्चीचं पाणी सोडतो. सात वर्षं झाली, एप्रिलपर्यंत विहिरीला पाणी असतं. खर्च टाकीच्या पाव हिस्सासुद्धा नाही.

आरसीसी_निवृत्त | १० जून, दुपारी १:३०

बोरिवलीला चालतं ते परळला चालेलच असं नाही. मुंबईखाली काळा बेसॉल्ट. तो पाणी पितो ते भेगांमधून, सगळीकडून नाही. तुमच्या बाजूला उतार आहे, भेगा आहेत, विहीर जिवंत आहे. परळ-दादरची बरीच जमीन भरावाची. तिथे जुलैत दीड-दोन मीटर खणलं की खड्ड्यात आपोआप पाणी येतं. जमीनच भरलेली असताना शोषखड्डा काय शोषणार? किनाऱ्यालगत तर बोअरचं पाणी मचूळ लागतं. अशा ठिकाणी साठवणं हाच मार्ग.

धागाकर्त्यांनी एक गोष्ट लिहिली नाही, म्हणून मुद्दाम विचारतो. टाकी तरंगू नये म्हणून काय केलंत? लोकांना हे पटत नाही, पण रिकामी भूमिगत टाकी म्हणजे जमिनीत रुतलेली होडी. भोवतीचं भूजल वर चढलं की ते टाकीला खालून ढकलतं. तुमच्या आतल्या ६० हजार लिटरच्या पोकळीमागेच ६० टनांचा वर रेटा येतो, भिंतींची जाडी धरली तर ८० च्या पुढे जातो. काँक्रीटचं वजन माझ्या अंदाजाने ६० टनांच्या आसपास असेल. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलंय, भर पावसाळ्यात साफसफाईला टाकी उपसली आणि दोन दिवसांत एक कोपरा चार बोटं वर आला. जोडलेले सगळे पाइप तुटले.

म्हणून "पूर्ण रिकामी ठेवा" म्हणणाऱ्या गटाला सांगा की तळाशी पाणी हवंच. आणि साफसफाई मे महिन्यात करा, भूजल खाली असतं तेव्हा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. टाकी एकच, पण कामं दोन करा. खालचा एक मीटर वापराचा, वरचा एक मीटर पुराचा. खालचे ३० हजार लिटर फ्लशिंगला, म्हणजे पाऊस न पडताही चार दिवसांची बेगमी. वरचे ३० हजार कायम मोकळे. मोठी सर आली की ते भरतील, आणि पाणी ओसरलं की उपसून पुन्हा मोकळे करायचे. कोरड्या आठवड्यात खालची पातळी आपसूक उतरते, तेवढी जागा वरकड मिळते.

परळचा_पाऊस | १० जून, रात्री १०:४५

काका, तुम्ही लिहिलंत ते वाचून आधी आमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरना फोन केला. तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर ४५ सेंटिमीटर काढलाय आणि त्यावर भराव दाबलाय, त्याचं वजन मिळतं. तरीही तळाशी पाणी ठेवा असंच तेही म्हणाले. एक मीटरची विभागणी आज कमिटीपुढे मांडली. दोन्ही गट पहिल्यांदाच एका बाजूला आले.

पण मग उपसायचं कधी? गटार भरलेलं असताना पंप लावला तर आपणच गल्लीत पाणी ओतणार.

वरळी_कोळीवाडा | ११ जून, सकाळी ६:२०

उपसायचं ते भरती पाहून. मुंबईचं पावसाचं पाणी शेवटी समुद्रात किंवा खाडीतच जातं. १८६ पातमुखं आहेत, म्हणजे गटारं-नाले जिथे समुद्रात उघडतात ती तोंडं. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, आणि उरलेल्यांतली जवळजवळ सगळी भरतीच्या रेषेखाली. मोठी भरती असली की समुद्र आत येऊ नये म्हणून दारं बंद करावी लागतात, मग पाणी बाहेर काढायला उदंचन केंद्रांचे पंप. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही केंद्रं त्याचसाठी आहेत.

आमच्याकडे लहान पोरालाही हिशेब येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, पण तेवढ्यावर होड्या निघतात. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, त्यानंतर साधारण सहा तासांनी. उधाण, म्हणजे मोठी भरती, सगळ्यात जास्त अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, आणि तेव्हा भरती दुपारच्या नाहीतर मध्यरात्रीनंतरच्या वेळेत असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती लहान असते तेव्हा, एवढी चिंता नाही. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढते, ती छापून वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. पूर्ण भरतीनंतर दोन-अडीच तास झाले की पंप सुरू करा. गटारात पाणी वाहताना दिसलं पाहिजे. तुंबलेलं असेल तर थांबा.

लोअर_परळ_नोकरी | ११ जून, दुपारी ४:००

वाचतोय, पण मला शंका आहे. हिंदमाताला पाणी भरतं ते बशीसारखा खोलगट भाग आहे म्हणून. चारी बाजूंचं पाणी तिथे येतं. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही ओहोटी असताना. मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ५० मिलिमीटर सुचवलं आणि ते काम २००५ नंतर कुठे जोरात सुरू झालं. अशा ठिकाणी तुमचे ३० हजार लिटर कुठे पुरणार? महापालिकेने कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्यात. लोकांचे पैसे खर्च करायला लावण्याआधी याचा विचार व्हावा असं मनापासून वाटतं.

गणिताच्या_बाई | ११ जून, रात्री ९:१५

शंका रास्त आहे, म्हणून हिशेबच करू या.

एका गल्लीत अशा २० इमारती धरा. प्रत्येकीने ३० हजार लिटर अडवले तर सहा लाख लिटर, म्हणजे ६०० घनमीटर. गल्ली ३०० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असेल तर रस्त्याचं क्षेत्रफळ २,७०० चौरस मीटर. ६०० भागिले २,७०० बरोबर ०.२२. म्हणजे २२ सेंटिमीटर. अर्धी पोटरी बुडेल एवढं पाणी त्या गल्लीत आलंच नाही, असा त्याचा अर्थ.

पाणी गल्लीत थांबत नाही, ते खालच्या दिशेने जातं, हे मान्य. म्हणून २२ चे २२ कमी होतील असं मी म्हणणार नाही. पण स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये पाणी जायला, विजेच्या मीटरच्या पेटीपर्यंत पोचायला, तळमजल्याचा उंबरा ओलांडायला एवढाच फरक लागतो. माझं माहेर लालबागला. उंबऱ्याच्या दोन बोटं खाली थांबलेलं पाणी आणि दोन बोटं वर आलेलं पाणी यांत काय फरक असतो, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे.

रस्त्याचं पाणी महापालिकेच्या टाक्यांनी घ्यावं, छपराचं आपण. दोन्ही लागणार.

परळचा_पाऊस | १२ जून, सकाळी ७:३०

बाई, हा हिशेब मी सूचनाफलकावर लावतोय.

महापालिकेच्या टाक्यांबद्दल थोडं, कारण रोज त्यावरून जातो. हिंदमाताचं पाणी मोठ्या पाइपांनी दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली नेतात. २०२१ मध्ये काम सुरू झालं. सांताक्रूझच्या मिलन सबवेसाठीही तसंच केलंय, तिथेही पाणी भरतं. जोराच्या पावसात पाणी तिथे थांबवून ठेवायचं आणि भरती उतरली की सोडायचं, हेच तत्त्व. वरती मुलं खेळतात, खाली पाणी. पाऊस थांबल्यावर रस्ता पूर्वीपेक्षा लवकर मोकळा होतो हे मी स्वतः अनुभवलंय. पण ते सगळं पाणी पुन्हा समुद्रातच जातं, याची हळहळ वाटते.

फिरतीवर | १२ जून, रात्री ११:५०

कामानिमित्त हाँगकाँगला असतो. इथे हॅपी व्हॅलीला रेसकोर्सच्या मधोमध खेळाची मैदानं आहेत, त्यांच्याखाली ६० हजार घनमीटरची टाकी आहे, म्हणजे सहा कोटी लिटर. २०१७ पासून पूर्ण क्षमतेने चालते. तिच्या तोंडाशी वर-खाली होणारे बांध आहेत. साधा पाऊस नेहमीच्या गटारातूनच जाऊ देतात. गटार भरत आलं तरच बांध उतरवून टाकीत पाणी घेतात. त्यामुळे ऐन वेळी टाकी आधीच भरलेली असते असं होत नाही. तिथे जमा होणाऱ्या काही पाण्यावर प्रक्रिया करून मैदानांना आणि फ्लशिंगलाही देतात.

तोक्योजवळ कासुकाबेचा प्रकल्प सगळ्यांना फोटोंमुळे माहीत असतो, ५९ प्रचंड खांबांचं ते भूमिगत दालन. तो पुराचं पाणी एदो नदीत ढकलतो, पुनर्वापर त्याचं कामच नाही. आपल्या धाग्याच्या जवळचं उदाहरण तोक्योतच दुसरीकडे आहे. सुमिदा हा सखल वॉर्ड. तिथल्या सुमोच्या आखाड्याचं छप्पर ८,४०० चौरस मीटर. १९८५ मध्ये तो सुरू झाला, बांधतानाच खाली १,००० घनमीटरची टाकी केली, आणि ते पाणी संडासांना वापरतात. छपराचं पाणी गटारावर जाऊ नये आणि वायाही जाऊ नये, दोन्ही एकत्र.

गिरगावचा_चौक | १३ जून, सकाळी १०:१०

विषयाला जरा सोडून. सी. पी. टँक, गोवालिया टँक, धोबी तलाव, बाबुला टँक. नावं राहिली, तलाव बुजवले. साथीच्या तापाच्या आणि मलेरियाच्या भीतीने बुजवले, त्या काळी त्यांना तेच सुचलं. पण पावसाला बसायला जागा होती ती गेली. बाणगंगा तेवढी उरली. तुम्ही पार्किंगखाली जे केलंत, त्यात मला तेच तलाव परत आलेले दिसतात, म्हणून आनंद झाला.

आरोग्यसेविका_भायखळा | १३ जून, दुपारी २:४०

मलेरियाचा उल्लेख आलाच आहे तर सांगते, कारण घरोघर फिरून टाक्या तपासणं हे माझं कामच आहे. शहरातला मलेरियाचा डास, ॲनॉफेलिस स्टीफेन्सी, नाल्याच्या घाण पाण्यात नाही, टाकीतल्या आणि विहिरीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंडं ते डास आठ-दहा दिवसांचं काम. झाकण घट्ट बसणारं, रबरी पट्टीचं आणि कुलूपबंद हवं. हवेच्या पाइपाला आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी हवी. लोक झाकण नीट लावतात आणि ओव्हरफ्लोचा पाइप उघडा ठेवतात, डास तिथून आत जातो.

दुसरं जास्त कळकळीने सांगते. बंद टाकीत माणूस कधीही तसाच उतरवू नका. आत प्राणवायू कमी असतो, वास येत नाही, पहिला पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. सगळी झाकणं काही तास उघडी ठेवा, पंख्याने हवा मारा, कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसं उभी ठेवा. तरच उतरवा.

नळकाम_२८_वर्षे | १३ जून, रात्री ८:२०

प्लंबर आहे, नेहमी नुसता वाचतो. चार गोष्टी कामाच्या.

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका. गच्चीवर आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची विष्ठा, डांबराचे कण असतात. ते पाणी चहासारखं उतरतं आणि त्याला वास असतो. खाली उभा पाइप ठेवून त्याच्या बुडाला व्हॉल्व लावा, पहिलं पाणी त्यात उतरून बाहेर जाऊ दे. मोठी उघडीप पडली की परत तसंच करा.

महापालिकेच्या पाण्याची लाइन आणि पावसाची लाइन कुठेही एकमेकांना जोडायची नाही, मधे व्हॉल्व ठेवूनसुद्धा नाही. पावसाचं संपलं तर महापालिकेचं पाणी फ्लशिंगच्या वरच्या टाकीत वरून, हवेतून पडलं पाहिजे. पाइपाचं तोंड पाण्यात बुडता कामा नये.

गच्चीचे पाइप नक्की कुठे जातात ते बघून घ्या. एका सोसायटीत ठेकेदाराने सोपं पडलं म्हणून ते मैल्याच्या चेंबरमध्ये सोडले होते. प्रत्येक मोठ्या पावसात तळमजल्याच्या न्हाणीतून घाण उलटी यायची, आणि बिचारे लोक वर्षभर गटारवाल्यांना दोष देत होते.

ज्यांच्या इमारतीत फ्लशिंगची वेगळी लाइन नाही त्यांनी घराघरांत फोडाफोडी करू नये. जिने-पार्किंग धुणं, गाड्या, बाग यांना एक नळ काढा. वापर कमी, म्हणून टाकीही लहान ठेवा.

कांदिवली_सेक्रेटरी | १४ जून, सकाळी ९:००

हे पाणी उन्हाळ्यात पुरेल का? आमच्या सभासदांना तेच ऐकायचं आहे, पाणीकपातीचा त्रास आहे.

परळचा_पाऊस | १४ जून, रात्री १०:३०

नाही पुरणार, आणि सभासदांना तसं स्पष्ट सांगा. आमच्या गच्चीवर मोसमभरात आठ लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं. चार महिन्यांचं फ्लशिंगही जवळजवळ तेवढंच. पण पाऊस हिशेबाने पडत नाही, एका दिवसात धो धो आणि मग आठ दिवस कोरडे, त्यामुळे निम्मं वापरता आलं तरी मी समाधान मानेन. उरलेल्या आठ महिन्यांना सोळा लाख लिटर लागतील, तेवढी टाकी कुणाच्या आवारात मावायची नाही. जून ते सप्टेंबर तलावांवरचा तेवढा भार कमी झाला, तर ते पाणी धरणात राहतं.

परळचा_पाऊस | १४ जुलै, सकाळी ७:५०

काल तृतीया, उधाणाची भरती, सव्वादोनच्या सुमारास. जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी टाकीतली पट्टी ८५ सेंटिमीटरवर होती. सव्वादहाला पाऊस धरला. मी आणि वॉचमनकाका झाकणाच्या शेजारी छत्री घेऊन उभे. पाइपातून पाणी पडायचा आवाज आधी घागर भरल्यासारखा होता, पाऊण तासाने नुसती घरघर. आमच्या टाकीत १० सेंटिमीटर म्हणजे तीन हजार लिटर. पाऊण वाजता पट्टी दोन मीटरला टेकली. अडीच तासांत साडेचौतीस हजार लिटर आत आले, म्हणजे गच्चीवर ९० मिलिमीटरच्या आसपास पडला. त्यानंतर चाळीस मिनिटं ओव्हरफ्लो आवारात वाहत होता, ते आम्हाला अडवता आलं नाही. गल्लीत घोट्याच्या वर पाणी होतं, फाटकातून आत आलं, आजींच्या पायरीपाशी थांबलं. उंबरा कोरडा राहिला. बाकी इमारतींच्या टाक्या नाहीत, त्यामुळे हे श्रेय एकट्या टाकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

पाच वाजता गटार वाहायला लागलेलं बघून पंप लावला. पंधरा मिनिटांत लक्षात आलं की पट्टी उतरतच नाहीये. गटाराच्या तोंडाशी पाणी उलटं येऊ नये म्हणून बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व अर्धा उघडाच अडकला होता, पाणी फिरून चेंबरमधून आत येत होतं. काकांनी सळईने उचकटून काढलं तेव्हा आत दुधाच्या पिशव्या आणि पिंपळाची पानं निघाली. मग दोन तास पंप चालला, आठला पट्टी एक मीटरवर आली. भरती तोवर पूर्ण उतरली होती.

शनिवारी चेंबरमध्ये जाळी बसवतोय. नळकामवाले दादा, भोक किती ठेवू?

नळकाम_२८_वर्षे | १४ जुलै, दुपारी १:०५

बोटभर जाऊ द्या, बारा मिलिमीटर. त्याहून बारीक ठेवलीत तर एका पावसात पानांनीच बंद होईल. आणि जाळी उभी नको, तिरकी बसवा, कचरा वर सरकतो आणि झाकण उघडल्यावर हाताने काढता येतो. उधाणाच्या आदल्या संध्याकाळी एकदा उघडून बघायचं, हे काकांच्या यादीत लिहून ठेवा.